अळंबीचा चहा आणि पावसाळ्यातील वाळवण: वडगाव, बेळगाव येथील नोंदी

५ जुलै

सासूबाईंचे वय ७१ वर्षे. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, हा त्यांचा कैक वर्षांचा नेम आहे. गेल्या महिन्यात रक्तातील साखर वाढलेली दिसल्यावर डॉक्टरांनी पहिले बोट या चहावरच ठेवले. सकाळचे दोन कप त्या सोडणार नाहीत हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मात्र दुपारी चारचा आणि रात्रीच्या जेवणाआधीचा असे दोन कप एखाद्या बिनसाखरेच्या गरम पेयाने बदलता आले, तर ते त्या घेतील अशी मला आशा आहे. त्यासाठी मी अळंबीचा चहा निवडला आहे. नावात चहा असला तरी त्यात पत्ती नसते. वाळवलेली अळंबी पाण्यात मंद आचेवर उकळून गाळून घेतलेला तो काढा असतो. वडगावात भर पावसाळ्यात हे काम करताना जे घडेल ते, चुका, खर्च आणि वाया गेलेला वेळ यांसह, मी येथे लिहून ठेवणार आहे, म्हणजे आपल्या भागात कोणी हे करू लागल्यास त्याला त्याच ठेचा पुन्हा खाव्या लागणार नाहीत.

आज पहिला प्रयत्न केला. बटण मशरूमचे २०० ग्रॅमचे पाकीट ५० रुपयांना आणले, त्यातील निम्म्या अळंबीचे काप करून तीन कप पाण्यात २० मिनिटे उकळले आणि गाळले. रंग भाताच्या पेजेसारखा आणि चव त्याहून फिकी. सासूबाईंनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"आत्या, कसं लागतंय?" असे मी विचारले.

"हे सार व्हायचं राहिलंय की ग. मीठ घाल, जिरं घाल, मग बघूया."

चहा खारट कसा करायचा, या विचाराने मी ते मनावर घेतले नाही.

८ जुलै

ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते, त्यामुळे ती उकळून दाट काढा मिळणे कठीण आहे. वाळवल्यावर चव आणि वास एकवटतात आणि पेशींच्या भिंती तुटून आतला अंश पाण्यात लवकर उतरतो. म्हणून आता वाळवण करायचे ठरवले. यळ्ळूर रस्त्याला एक शेतकरी बाई भाताच्या पिंजरावर, म्हणजे पेंढ्यावर, धिंगरी (ऑयस्टर) अळंबी पिकवतात, त्यांच्याकडून एक किलो धिंगरी २०० रुपयांना घेतली. बटणापेक्षा धिंगरी वाळवायला सोपी, कारण तिची छत्री पातळ असते आणि सुरीशिवाय हातानेच तिच्या उभ्या पट्ट्या निघतात.

निवडताना एक गोष्ट लक्षात आली. काही छत्र्या मोठ्या होऊन कडा वर वळल्या होत्या, आणि त्या काळ्या ताटात रात्रभर ठेवल्या असता सकाळी ताटावर पांढरे पीठ भुरभुरल्यासारखा थर दिसला. ते अळंबीचे बीजाणू होते. मी फुंकर मारून ताट साफ करायला गेले आणि अर्धा तास खोकत बसले. धिंगरीचे बीजाणू सतत श्वासातून गेल्याने अळंबी पिकवणाऱ्यांना छातीचा त्रास होतो, म्हणून ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम तोंडावर फडके बांधूनच करावे आणि कडा वर वळलेल्या छत्र्या विकतच घेऊ नयेत.

१२ ते १५ जुलै

किलोभर धिंगरी पुसून, फाडून, दोन सुपांत पसरून गच्चीवर ठेवली. पहिल्या दिवशी दोन तास ऊन होते. दुसऱ्या दिवशी झड लागली आणि सुपे आत आणून पंख्याखाली ठेवावी लागली. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या कडा पिवळ्या पडल्या, हाताला बुळबुळीतपणा लागू लागला आणि शिळ्या भाताला येतो तसा आंबूस वास यायला लागला. चौथ्या दिवशी बारीक काळ्या माश्या घोंगावू लागल्या, तेव्हा सगळा माल परसातील खड्ड्यात टाकला. २०० रुपये आणि चार दिवस गेले. जुलैतील बेळगावच्या हवेत इतका दमटपणा असतो की पंखा फक्त ओली हवा फिरवतो. आपल्याकडे पापड-कुरडया वैशाखात उरकतात, त्यामागे हेच कारण आहे, आणि ते ठाऊक असूनही मी घाई केली.

२१ जुलै

पाव किलो धिंगरी तव्यावर मंद आचेवर परतून वाळवायचा प्रयत्न केला. बाहेरून करपली, आतून ओली राहिली. काढ्याला जळका वास आला. हा मार्ग सोडून दिला.

२८ जुलै

आमच्या घरात पूर्वी हातमाग होता आणि त्या काळची सुताच्या गुंड्या ठेवायची एक लाकडी पेटी माळ्यावर पडून होती. ती दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिचीच वाळवणी पेटी करायची असे ठरले. आत सुताची जुनी किस, म्हणजे बारीक तंतू, फटींत अडकलेली होती. तिला उष्णता लागली तर पेट घेईल म्हणून यजमानांनी पेटी आधी ब्रशने, मग ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस सुकवली. ही पायरी कोणीही गाळू नये. तळाशी तारेच्या दिव्यांचे दोन होल्डर बसवले. एलईडी दिवा तापत नसल्याने तो येथे चालत नाही आणि तारेचे दिवे आता सहज मिळत नाहीत. पाच दुकाने पालथी घातल्यावर खडेबाजारात जुन्या मालातील ६० वॅटचे दोन दिवे प्रत्येकी २५ रुपयांना मिळाले. वायर आणि होल्डर मिळून १४० रुपये. बुरुडाकडून बांबूच्या दोन उथळ चाळण्या करून घेतल्या, त्यांचे ३६० रुपये झाले. तापमापक २५० रुपयांचा.

अर्धा किलो धिंगरी पसरली, झाकण लावले आणि रात्री दिवे चालू केले. सकाळी झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब टपकत होते आणि तापमान ६४ अंश सेल्सिअस होते. धिंगरी वाळण्याऐवजी वाफवली गेली होती. पट्ट्या तपकिरी, चामड्यासारख्या चिवट झाल्या होत्या आणि त्यांतून उकडलेल्या बटाट्याचा वास येत होता. उष्णता दिली, पण ओली हवा बाहेर जायला वाट दिली नाही, ही चूक झाली. आणखी १०० रुपयांचा माल गेला.

३ ऑगस्ट

पेटीच्या तळाजवळ एका बाजूला सहा भोके आणि समोरच्या बाजूला वरच्या अंगाला सहा भोके पाडली. वरच्या भोकांवर संगणक दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेला जुना छोटा पंखा आतली हवा बाहेर ओढेल अशा रीतीने बसवला. पंखा १५० रुपये, त्याचा अडॅप्टर १८० रुपये. आता एका बाजूने हवा खालून आत येते, दिव्यांवरून तापून चाळण्यांमधून वर जाते आणि ओलावा घेऊन बाहेर पडते. तापमान ४६ ते ४९ अंशांच्या दरम्यान स्थिर राहिले. ते ५५ च्या वर जाऊ लागले तर एक दिवा बंद करावा.

मध्ये दोन वेळा वीज गेली, एकदा सव्वा तास. तेवढ्या वेळात झाकण उघडे ठेवले. अकरा तासांनी पट्ट्या हाताला कोरड्या लागल्या, म्हणून काढून प्लॅस्टिकच्या डब्यात भरल्या आणि काम झाले असे समजून निश्चिंत झाले.

११ ऑगस्ट

डबा उघडताच कुबट वास आला. तळाच्या पट्ट्यांवर हिरवट ठिपके होते. बुरशी दिसली तेवढा भाग काढून बाकीचे वापरावे असे शेजारच्या काकू म्हणाल्या, पण बुरशीचे धागे आणि तिची विषारी द्रव्ये डोळ्यांना दिसणाऱ्या ठिपक्यांपलीकडेही पसरलेली असतात आणि उकळल्याने ती सगळी नाहीशी होत नाहीत, म्हणून डबाभर माल टाकून दिला.

या नुकसानीतून जे शिकले ते या नोंदींतील सर्वांत उपयोगी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कोरडेपणा हाताला कळत नाही. तो वजनाला कळतो. ताज्या धिंगरीचे वजन वाळल्यावर सुमारे दहावा भाग उरले पाहिजे. मी तेव्हा वजन केले नव्हते, पण डब्यातील टाकलेला माल आज ४५० रुपयांच्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला तेव्हा तो ७८ ग्रॅम भरला. अर्धा किलोचे ५० ग्रॅमच्या आसपास व्हायला हवे होते, म्हणजे २५ ग्रॅमच्या वर पाणी आतच राहिले होते. बाहेरची कड सुकली की हात फसतो. देठाजवळच्या जाड भागात ओल दडलेली असते.

१४ ऑगस्ट

दिराचा मुलगा जांबोटीकडे गेला होता, तो रानातून पिशवीभर अळंबी घेऊन आला. श्रावणात खानापूरच्या रस्त्याला वारुळावरची अळंबी विकायला बसलेली माणसे आपण सगळे पाहतो आणि ती ओळखणारे जाणते लोक त्या भागात आहेत. परंतु या पिशवीतील काही वारुळावरची होती, काही झाडाखालची, आणि दोघातिघांनी मिळून गोळा केल्याने कोणती कोठली हे त्यालाही सांगता येईना. लसणाची पाकळी किंवा चांदीचे नाणे सोबत उकळून ते काळे पडले नाही तर अळंबी खायची असते, असे त्याला कोणी सांगितले होते. ही परीक्षा पूर्णपणे खोटी आहे. सर्वांत घातक अळंबीतील विष लसूण काळी करत नाही, उकळल्याने नष्ट होत नाही आणि वाळवल्यानेही जात नाही. त्याची लक्षणे खाल्ल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांनी दिसू लागतात, मधेच बरे वाटल्याचा भास होतो आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. काढ्यात तर ते विष पाण्यात उतरून थेट पोटात जाईल. मुलगा हिरमुसला, तरी पिशवी त्याच्यासमोर खड्ड्यात पुरली. चहासाठी फक्त लागवडीची, नाव माहीत असलेली अळंबी घ्यायची, यात आमच्या घरी आता कोणतीही तडजोड नाही.

१९ ऑगस्ट

अर्धा किलो धिंगरी. देठांचा जाड भाग कापून वेगळा केला, पट्ट्या बोटाएवढ्या रुंद ठेवल्या, एकीवर एक येऊ दिली नाही. अळंबी पाण्याखाली धुतली नाही, कारण ती पाणी शोषून घेते आणि वाळायला तीन तास अधिक लागतात; किंचित ओल्या सुती फडक्याने पुसली. रात्री आठला दिवे चालू केले, पहाटे चारला चाळण्यांची अदलाबदल केली, कारण खालची चाळणी अधिक तापते. सकाळी अकराला वजन ५२ ग्रॅम.

एक पट्टी दोन बोटांत धरून वाकवली. आधीच्या, अकरा तास वाळवलेल्या मालाची पट्टी वाकून दुमडली होती. ही मात्र वाळलेल्या काटकीसारखी कट् असा आवाज करून मोडली आणि मोडलेली कड आतून पांढरी, कोरडी आणि तंतुमय दिसली. वास ताज्या कापलेल्या लाकडासारखा, त्यात थोडी बडीशेपेची छटा.

या वेळी प्लॅस्टिकचा डबा नाही. काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत पट्ट्या भरून झाकण घट्ट लावले आणि तीन दिवस रोज सकाळी बरणी हलवून पाहिली. काचेच्या आतून वाफेचा मागमूस दिसला असता, किंवा पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असत्या, तर सगळा माल पुन्हा पेटीत घालायचा असे ठरवले होते. तिन्ही दिवस काच स्वच्छ राहिली.

२३ ते २७ ऑगस्ट

आता खरा काढा. पाच ग्रॅम पट्ट्या, म्हणजे सैल मूठभर, ६०० मिलिलिटर पाण्यात २० मिनिटे भिजवल्या आणि त्याच पाण्यात मंद आचेवर ठेवल्या. पंधरा मिनिटांनी पाणी फिकट पिवळे, तीस मिनिटांनी गवताच्या रंगाचे आणि पंचेचाळीस मिनिटांनी मधासारखे झाले. अर्धे पाणी आटून दोन कप उरले. अळंबीच्या पेशींची भिंत कायटिनची असते, खेकड्याचे कवच ज्या द्रव्याचे असते तेच हे द्रव्य, म्हणून चहाच्या पत्तीप्रमाणे दोन मिनिटांत तिचा अर्क उतरत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. त्याने मोठा फरक पडत नाही, पण वेळेत कसूर करू नये.

चवीचे प्रयोग पाच दिवस चालले. गूळ आणि दूध घातले तेव्हा दूध फाटले. दूध न घालता नुसता गूळ घातला तर गोडवा आणि अळंबीची मूळची रुचकर, रश्शासारखी चव एकमेकींशी भांडतात. गवती चहा घातल्यावर वास सुगंधी आणि चव रश्श्याची, असे विचित्र मिश्रण झाले. चहाची पत्ती शेवटच्या दोन मिनिटांत घातली तेव्हा ते बरे लागले, पण तुरटपणा झाकायला साखर लागते आणि मग मूळ हेतूच उरत नाही. पाचव्या दिवशी मी सासूबाईंचे पहिल्या दिवशीचे शब्द आठवून चार मिरी, पाव चमचा जिरे आणि आल्याचा तुकडा ठेचून शेवटची दहा मिनिटे काढ्यात उकळले, चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब घातले. त्यांनी कप रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं नव्हं," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे तेव्हाच ऐकले असते तर चवीचे चार दिवस वाचले असते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मीठ न घालता लिंबू वाढवावे.

३० ऑगस्ट

वेळ वाचवण्यासाठी पट्ट्यांची मिक्सरमधून पूड केली. काढा दहा मिनिटांत गडद झाला, पण गाळणीची जाळी बंद पडली, धोतराच्या फडक्यातून गाळायला पंधरा मिनिटे लागली आणि तरीही कपाच्या तळाशी गाळ बसला. पूड हवेतील ओलही लगेच ओढते. दोन दिवसांत तिच्या गुठळ्या झाल्या. त्यापेक्षा कुकर चांगला. पट्ट्या आणि ४०० मिलिलिटर पाणी, एक शिटी, मग १५ मिनिटे अगदी बारीक आच. रंग आणि चव पंचेचाळीस मिनिटांच्या काढ्याच्या जवळ जाते आणि गॅस वाचतो. रोजच्यासाठी आता हाच मार्ग ठेवला आहे.

आणखी एक चूक: रात्री उरलेला काढा ओट्यावर झाकून ठेवला, सकाळी तो तारी सुटल्यासारखा चिकट झाला होता. उरलेला काढा गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा.

६ सप्टेंबर

एका ओळखीच्या गृहस्थांनी रेशी अळंबीच्या पुडीचे ५० ग्रॅमचे पाकीट मागवून दिले, ८९९ रुपयांचे. पाकिटावर मधुमेह, कर्करोग आणि सांधेदुखी मुळापासून बरी होते असे छापले होते. खाद्यपदार्थाच्या प्रत्येक पाकिटावर असतो तो १४ अंकी परवाना क्रमांक मात्र कोठेही नव्हता. थोडी पुडी उकळून पाहिली तर काढा काळपट आणि कारल्याहून कडू झाला. रेशी मुळात कडूच असते, तिच्यातील ट्रायटर्पीन नावाच्या द्रव्यांमुळे, त्यामुळे कडूपणा हा दोष नव्हे. माझी काळजी वेगळी होती. सासूबाई रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. ते पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्पष्ट सांगितले की रेशीमुळे रक्तस्राव वाढण्याचा संभव असल्याने या गोळीबरोबर ती घ्यायची नाही; धिंगरीचा पातळ काढा दोन कप चालेल, पण गोळ्यांची मात्रा स्वतःहून बदलायची नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर अळंबीचा काढा विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण अळंबीतील पोटॅशियम पाण्यात उतरते, हेही त्यांनी सांगितले. पाकीट टाकून दिले.

जपानमध्ये अळंबीपासून कर्करोगावरचे औषध बनते, हे वाक्य अशा पाकिटांवर हमखास असते. त्यातील खरा भाग असा आहे की शिताके अळंबीतून शुद्ध करून काढलेल्या लेंटिनान या द्रव्याला तेथे १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगावर मुख्य उपचारासोबत द्यायला मान्यता मिळाली. ते इंजेक्शनने शिरेत दिले जात असे. चुलीवर उकळलेल्या कपाशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे आजारी माणसाच्या आशेवर धंदा करणे आहे, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

२० सप्टेंबर

गाळल्यावर उरणारा चोथा आतापर्यंत मी टाकत होते. तो टाकू नये. काढ्यात जे उतरते ते पाण्यात विरघळणारे: चवीची द्रव्ये, पोटॅशियम, विरघळणाऱ्या तंतूंचा काही भाग आणि एर्गोथायोनीन हे उष्णतेला टिकणारे अँटिऑक्सिडंट. न विरघळणारे तंतू, बीटा-ग्लुकान नावाच्या तंतूचा मोठा वाटा आणि बरीचशी प्रथिने चोथ्यातच राहतात. ओटमधील बीटा-ग्लुकानचा कोलेस्टेरॉलवर परिणाम दिसायला दिवसाला ३ ग्रॅम लागते; आमची अळंबी मुळात ५ ग्रॅम, दोन कपांत मिळून. हा हिशेब समोर ठेवला की पेयाकडून काय अपेक्षा करावी हे आपोआप ठरते.

चोथा बारीक चिरून, तेलात लसूण, हिरवी मिरची आणि तिळाच्या कुटासह परतला, थोडे खोबरे घातले. भाकरीबरोबर धाकट्याने तो मटण समजून खाल्ला. आता आमटीतही घालते.

११ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि उन्हातील अतिनील किरण त्यावर पडले की त्याचे ड-२ जीवनसत्त्व तयार होते, म्हणून आता वाळवण्याआधी ऊन दाखवायचे ठरवले. धूळ बसू नये म्हणून पहिल्या वेळी सूप सज्जातील काचेच्या खिडकीमागे ठेवले. नंतर कळले की हे काम करणारे किरण खिडकीची काच अडवते, म्हणजे तो दिवस फुकट गेला. पेटीतील दिव्यांच्या उजेडातही ते किरण नसतात. आज गच्चीवर उघड्यावर, दुपारी बारा ते साडेबारा, छत्रीखालच्या पाकळ्या सूर्याकडे करून, वर फक्त जाळीदार मलमल टाकून पट्ट्या ठेवल्या आणि मग पेटीत घातल्या. ड जीवनसत्त्व तेलात विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे ते कपात येत नाही. ते मिळवायचे तर तेलात परतलेला चोथाच खाल्ला पाहिजे. हे कळल्यापासून चोथ्याचा एक कणही वाया जात नाही.

८ नोव्हेंबर

हिशेब. पेटी, दिवे, पंखा, चाळण्या, तापमापक आणि काटा मिळून १,५८० रुपये. जुनी पेटी घरचीच. वाया गेलेली अळंबी ५०० रुपयांची, रेशीचे पाकीट वेगळे. आता अर्धा किलोच्या एका खेपेला १०० रुपये आणि सुमारे दोन युनिट वीज लागते, त्यातून दहा दिवस दोन-दोन कप निघतात. खेपेमागे माझा प्रत्यक्ष हाताचा वेळ पाऊण तास.

सासूबाईंची उपाशीपोटीची साखर जुलैत १६२ होती, या आठवड्यात १३१ आली. याचे श्रेय मी अळंबीला देणार नाही. ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली, आणि संध्याकाळी त्या परिसरात चालूही लागल्या आहेत. अळंबीच्या बाजूने मला खात्रीने लिहिता येते ते इतकेच की रोजचे चार चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम साखर, त्यांच्या पोटात जायची थांबली आहे आणि चारच्या सुमारास त्या स्वतःहून विचारतात, "ग, कुकर लावलीस का?"

१९ ऑगस्टच्या मालातील चार पट्ट्या नमुन्यासाठी वेगळ्या बाटलीत ठेवल्या होत्या. आज अकरा आठवड्यांनी एक मोडून पाहिली; कट् असा आवाज आला. पिंजराचा नवा हंगाम लागला की यळ्ळूर रस्त्याच्या बाईंकडून दोन किलो घ्यायची आहे, आणि पेटीत तिसरी चाळणी बसते का हे त्याआधी मोजून पाहायचे आहे.